वाचक विचारतात : औषधाची माहिती नेमकी बघायची कुठे?

मागच्या अंकात एका आजोबांबद्दल पत्र छापलं होतं, एकाच औषधाच्या दोन वेगवेगळ्या ब्रँडच्या गोळ्या ते दोन्ही घेत होते आणि घरात कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यावर पत्रं आली ती बहुतेक विद्यार्थ्यांची, नर्सिंग, एमबीबीएस, फार्मसी, बीएएमएस, आणि सगळ्यांचं म्हणणं थोड्याफार फरकाने एकच, की पेशंटला आम्ही सांगू हो, पण आम्ही स्वतः कुठे वाचायचं? म्हणून हे पान यावेळी त्यांनाच दिलंय. नावं त्यांनीच छापू नका म्हटलंय.

मॅडम, मी बीएस्सी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लायब्ररीतलं फार्माकॉलॉजीचं पुस्तक जुनं झालंय, सगळ्याजणी सीनियर्सनी टेलिग्रामवर टाकलेल्या पीडीएफ वापरतात नाहीतर यूट्यूब. पण वॉर्डमधे इंजेक्शन कशात मिसळायचं, किती वेळात द्यायचं हे बघायचं असतं तेव्हा हातात दोनच मिनिटं असतात. सिस्टर कधी सांगतात, कधी त्याच कामात बुडालेल्या असतात. अशा वेळी काय करायचं? – नर्सिंगची विद्यार्थिनी, सांगली जिल्हा

तुझं पत्र मी मुद्दाम पहिलं घेतलंय. औषध डॉक्टर लिहितात, मेडिकलवाला देतो, पण पेशंटच्या अंगात ते जातं नर्सच्या हातून, आणि तिच्यानंतर चूक पकडायला कुणीच उरलेलं नसतं. त्यामुळे तुला माहिती सगळ्यात जास्त लागते आणि मिळते मात्र सगळ्यात कमी, हे मला फार खटकतं.

आधी जे तुझ्या हातातच आहे ते सांगते. वायलच्या, म्हणजे इंजेक्शनच्या बाटलीच्या, खोक्यात घडी घातलेला पातळ कागद असतो ना, मुंगीएवढ्या अक्षरांचा, जो वॉर्डमधे खोकं उघडल्या उघडल्या डस्टबिनमधे जातो, तो फेकू नकोस. तुला पाहिजे ते बरंचसं त्यातच असतं, कशात विरघळवायचं, किती पातळ करायचं, किती वेगाने द्यायचं, विरघळवल्यावर किती तास टिकतं, कशासोबत चालत नाही. फेनिटॉइनचंच बघ, झटके आलेल्या पेशंटला देतात. ते नॉर्मल सलाइनमधेच द्यायचं, डेक्स्ट्रोजमधे टाकलं की औषधाचे कण खाली बसायला लागतात. वेगही ठरलेला आहे, मोठ्या माणसाला मिनिटाला ५० मिलिग्रॅमच्या वर नाही, म्हातारं माणूस असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर आणखी हळू, कारण घाई केली तर बीपी पडतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. आता बुरशीच्या आजारावरचं ॲम्फोटेरिसिन बी घे, ते बरोब्बर उलटं, ५ टक्के डेक्स्ट्रोजमधे द्यायचं, सलाइनमधे नाही. आणि सेफ्ट्रिआक्सोन हे अँटिबायोटिक, जे वॉर्डमधे रोज पाण्यासारखं वापरलं जातं, ते नवजात बाळाला कॅल्शियम असलेल्या कुठल्याही सलाइनसोबत चालत नाही, आणि रिंगर लॅक्टेटमधे कॅल्शियम असतं हे बाटलीवर लिहिलेलं असून कुणी वाचत नाही.

यूट्यूबच्या लेक्चरमधे हे तुला क्वचितच सापडेल. त्यात त्या शिकवणाऱ्यांचा दोष नाही, ते लेक्चर परीक्षेसाठी केलेलं असतं, त्यात वर्गीकरण असतं, औषध काम कसं करतं ते असतं, पाच साइड इफेक्ट आणि ते लक्षात ठेवायची युक्ती असते. पेपरला ते जरूर वापर. पण वॉर्डचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याची जागाही वेगळी आहे.

खोक्यातला कागद नाहीच मिळाला तर आपल्या देशाचं औषधांच्या माहितीचं एक पुस्तक आहे, नॅशनल फॉर्म्युलरी ऑफ इंडिया, एनएफआय म्हणतात त्याला, पहिली आवृत्ती १९६० ची आणि सहावी २०२१ ची. गाझियाबादला इंडियन फार्माकोपिया कमिशन म्हणून केंद्र सरकारची संस्था आहे ती हे काढते. कुठल्याही कंपनीची जाहिरात त्यात नाही आणि औषधं जेनेरिक नावाने दिलेली आहेत. कॉलेजच्या लायब्ररीत नसेल तर तुम्ही दहा-बारा जणींनी मिळून प्रिन्सिपल मॅडमना अर्ज द्या, महागड्या परदेशी पुस्तकांपेक्षा हे तुम्हाला जास्त उपयोगी पडेल असं माझं स्पष्ट मत आहे. मोबाइलवर फुकट बघायचं तर डेलीमेड. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची साइट आहे, तिकडच्या औषधांचे ते खोक्यातले कागद तिथे पूर्णच्या पूर्ण वाचायला मिळतात, लॉगिन नको, पैसे नकोत.

फक्त तिथे दोन गोष्टी सांभाळ. अमेरिकेत काही औषधांची नावंच वेगळी आहेत, आपलं पॅरासिटामॉल तिकडे ॲसिटामिनोफेन, सालब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल, ॲड्रेनॅलिन म्हणजे एपिनेफ्रिन, त्यामुळे आपलं नाव टाकून काही आलं नाही म्हणजे माहिती नाही असं समजू नकोस. आणि आपल्याकडे सर्रास चालणारी काही औषधं तिकडे मंजूरच नाहीत, निमेसुलाइड, ॲसिक्लोफेनॅक, डोमपेरिडोन, ती तिथे सापडणार नाहीत.

पीडीएफबद्दल इतकंच की पहिलं पान उघडून आवृत्तीचं वर्ष बघ. बऱ्याच पीडीएफमधे ते पानच नसतं, आणि वर्ष माहीत नाही अशा पुस्तकातून निदान डोस तरी घेऊ नये. आणि सिस्टर कामात असल्या तर हॉस्पिटलच्या फार्मसीत फोन कर, खाली बसलेला फार्मासिस्ट हेच शिकून आलेला असतो पण त्याला वरून कुणी काही विचारतच नाही. त्यांनाही नक्की सांगता आलं नाही तर इंजेक्शन थांबव आणि ड्युटी डॉक्टरांना विचार, उशीर झाला म्हणून बोलणी बसतील, बसू देत.

मी एमबीबीएस सेकंड इयरला आहे. ओपीडीबाहेर औषध कंपन्यांचे एमआर थांबलेले असतात, आम्हालाही बुकलेट देतात, त्यात स्टडीचे ग्राफ असतात, पुस्तकापेक्षा सोपं आणि ताजं वाटतं. शिवाय फोनमधे ब्रँड, किंमत दाखवणारी ॲप असतात. एवढ्यावर भागतं असं सीनियर म्हणतात. खरं का? – विद्यार्थी, नागपूर

भागतं, पण कुणाचं भागतं ते बघायला हवं.

एमआर लोकांशी माझं काही वाकडं नाही, उन्हातान्हात बॅग घेऊन फिरणारी, टार्गेटखाली दबलेली माणसं आहेत, आणि त्यातले काही आपल्या औषधाबद्दल खरोखर अभ्यासून बोलतात. पण ते बुकलेट तयार करण्यामागचा हेतू एकच असतो, तुझ्या हातून उद्या तो ब्रँड लिहिला जावा. त्यामुळे त्यात जे छापलंय ते सहसा खोटं नसतं, पण जे छापलेलं नाही ते तुला तिथून कधीच कळत नाही.

ग्राफ आला की एवढं कर. 'धोका ५० टक्क्यांनी कमी' असं लिहिलं असेल तर विचार, कितीवरून किती? शंभरात वीस जणांना होत होतं ते दहावर आलं तरी ५० टक्के आणि हजारात दोघांना होत होतं ते एकावर आलं तरी ५० टक्केच. पहिल्यात दहा जणांना औषध दिलं की एकाचा फायदा, दुसऱ्यात हजार जणांना दिलं तेव्हा एकाचा, आणि उरलेले नऊशे नव्व्याण्णव पैसे आणि साइड इफेक्ट दोन्ही सोसणार. बुकलेटवर टक्का मोठ्या अक्षरात असतो आणि मूळ आकडा तळाला बारीक अक्षरात, नाहीतर नसतोच.

आणि छापून आलेला स्टडी म्हणजे सगळं आलं असंही नाही. रोफेकॉक्झिब नावाची दुखण्यावरची गोळी होती, पोटाला कमी त्रास म्हणून जगभर खपली. २००० साली तिच्यावरचा मोठा अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधे आला, आणि २००५ च्या डिसेंबरमधे त्याच जर्नलने जाहीर केलं की गोळी घेणाऱ्यांमधले तीन हार्ट ॲटॅक त्या पेपरमधे धरलेच नव्हते. तोपर्यंत ३० सप्टेंबर २००४ ला कंपनीनेच ती गोळी बाजारातून काढून घेतली होती. मधल्या चार वर्षांत ज्या डॉक्टरांनी फक्त छापील रंगीत कागद बघून ती लिहिली त्यांच्या पेशंटचं काय झालं असेल याचा विचार मला अजूनही अस्वस्थ करतो.

आपल्याकडे मार्च २०२४ मधे औषध कंपन्यांच्या मार्केटिंगची नवी आचारसंहिता आली, यूसीपीएमपी. ती तू एकदा वाच, फार मोठी नाही. त्यात असं आहे की कुठल्या आधाराशिवाय औषधाला नुसतं 'सेफ' म्हणायचं नाही, भारतात वर्षभरापेक्षा जास्त काळ मिळत असलेल्या औषधाला 'नवीन' म्हणायचं नाही, डॉक्टरांना किंवा त्यांच्या घरच्यांना भेटवस्तू द्यायच्या नाहीत. पुढचं बुकलेट हातात आलं की हे दोन शब्द त्यात शोध. आणि एमआरना नम्रपणे म्हण, सर मला याची पूर्ण प्रिस्क्राइबिंग इन्फर्मेशन, म्हणजे डॉक्टरांसाठीचं पूर्ण माहितीपत्रक, द्या. ती त्यांच्याकडे मागता येते, आपण मागत नाही.

ॲप आणि ते सिम्स-मिम्ससारखे ब्रँडचे इंडेक्स वापर की, कुठला ब्रँड कुठल्या ताकदीत मिळतो, पट्टी केवढ्याला, याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. पण आजार समोर आहे आणि औषध निवडायचंय तेव्हा तिथून सुरुवात करू नकोस. सुरुवात आवश्यक औषधांच्या यादीवरून कर. जागतिक आरोग्य संघटनेने अशी यादी पहिल्यांदा १९७७ मधे काढली, आपली राष्ट्रीय यादी शेवटची २०२२ मधे सुधारली, त्यात ३८४ औषधं आहेत. बाजारात हजारोंनी ब्रँड आहेत पण बहुतेक ओपीडी या यादीवर निभावते. अँटिबायोटिकसाठी आयसीएमआरच्या गाइडलाइन आणि जागतिक आरोग्य संघटनेचं अवेअर पुस्तक, दोन्ही फुकट आहेत.

एक लक्षात ठेव, तारीख आणि देश दोन्ही बघायचे. ॲसिडिटीवरचं रॅनिटिडिन घे. एप्रिल २०२० मधे अमेरिकेने ते बाजारातून काढायला लावलं, एनडीएमए नावाची, कॅन्सरचा संशय असलेली अशुद्धी त्यात वाढत जाते म्हणून. आपल्याकडे ते विकलं जातं, मात्र २०२२ च्या आपल्या यादीतून वगळलंय. तुझ्या हातातलं पुस्तक २०१९ चं असेल तर त्यात यातलं काहीच नसणार, आणि पुस्तक तेव्हा चूकही नव्हतं.

डीफार्म करतोय, संध्याकाळी एका मेडिकलवर काम करतो. ब्रँडची नावं इतकी सारखी असतात की भीती वाटते. गिऱ्हाईक घाईत असतं, मालक म्हणतात सवय होईल. शंका आली तर बघायचं कशात? – विद्यार्थी, लातूर

तुला भीती वाटते हे चांगलं आहे, ती जाऊ देऊ नकोस. नावांचा घोळ जगभर आहे, अमेरिकेत ओमेप्राझोल 'लोसेक' नावाने आलं आणि 'लासिक्स'शी गल्लत व्हायला लागली, एक ॲसिडिटीचं आणि दुसरं लघवीवाटे पाणी काढणारं, तेव्हा कंपनीला १९९० मधे नाव बदलून 'प्रायलोसेक' करावं लागलं. आपल्याकडे तर एकाच ब्रँडच्या नावामागे प्लस, कोल्ड, फोर्ट असं काहीतरी लावून आत वेगळीच औषधं असतात. म्हणून पट्टी हातात घेतली की ब्रँडच्या खालची बारीक ओळ, म्हणजे सॉल्ट (आतल्या औषधाचं मूळ नाव) आणि मिलिग्रॅम, आधी वाचायची आणि शक्यतो तोंडाने म्हणायची, गिऱ्हाइकालाही ऐकू जाईल अशी.

लहान मुलांच्या बाटल्यांकडे तर डोळ्यात तेल घालून बघ. पॅरासिटामॉलच्या थेंबांच्या बाटलीत बहुधा एका मिलिलीटरमधे १०० मिलिग्रॅम असतं. साध्या सिरपमधे पाच मिलिलीटरमधे १२० किंवा १२५, आणि जोरातल्या सिरपमधे पाचात २५०. दहा किलोच्या बाळाला किलोमागे १५ धरून १५० मिलिग्रॅम एका वेळी द्यायचे तर थेंबांचे दीड मिलिलीटर, २५० वाल्याचे तीन आणि १२० वाल्याचे सव्वासहा. आता आईला आठवतंय 'सहा एमएल' आणि तू दिलीस थेंबांची बाटली, की एकाच वेळी चौपट डोस गेला आणि तोही दिवसातून चार वेळा. नाव बरोबर, औषध बरोबर, आणि तरी बाळाच्या लिव्हरवर बेतू शकतं. बाटली देताना ड्रॉपर किंवा मापाचं झाकण हातात घेऊन रेघ दाखव, चमच्याने दे म्हणून सांगू नकोस, घरातले चमचे एका मापाचे नसतात.

शंका आली तर क्रम असा ठेव. चिठ्ठी वाचता येत नसेल तर अंदाज करायचाच नाही, डॉक्टरांना फोन. डोसची शंका असेल तर एनएफआय, नाहीतर ब्रिटनचं तसंच पुस्तक, बीएनएफ, त्याचा छापील अंक दर सहा महिन्यांनी नवा येतो, पण कॉलेजमधली प्रत किती जुनी आहे ते बघून घे. महाराष्ट्र स्टेट फार्मसी कौन्सिलचं मुंबईत ड्रग इन्फर्मेशन सेंटर आहे, ते फार्मासिस्टनी विचारावं म्हणूनच आहे आणि फार कमी मुलांना ठाऊक असतं. आणि एच-१ च्या, म्हणजे नोंद ठेवूनच विकायच्या, औषधांचं रजिस्टर, डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंट, औषध, किती दिलं, हे लिहायचा कंटाळा दुकानात कुणी करत असेल तरी तू करू नकोस, तीन वर्षं जपून ठेवायचं असतं ते.

माझी मुलगी फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आहे. माझ्या बीपीच्या गोळीचे साइड इफेक्ट नेटवर वाचून ती घाबरली आणि बाबा ही बंद करा म्हणते. डॉक्टर म्हणतात चालू ठेवा. तिचंही शिक्षण आहे, कुणाचं ऐकू? – एक वडील, नाशिक

गोळी चालू ठेवा, आणि मुलीला रागावू नका, वडिलांची काळजी वाटली म्हणून ती वाचत बसली.

तिला वाचायचं कसं ते कुणी शिकवलेलं नाही एवढंच. नेटवरच्या यादीत पन्नास साइड इफेक्ट एकाखाली एक येतात आणि सगळे सारखेच वाटतात. चांगल्या माहितीपत्रकात त्यांची वर्गवारी असते. 'व्हेरी कॉमन' म्हणजे दहातल्या एकापेक्षा जास्त जणांना, 'कॉमन' म्हणजे शंभरात एक ते दहा, 'अनकॉमन' हजारात एक ते दहा, 'रेअर' दहा हजारात एक ते दहा. हे शब्द असे आकड्यांनी बांधलेले आहेत हे कळलं की यादीची भीती निम्म्याने कमी होते. मग ती तुम्हाला कामाचे प्रश्न विचारू शकेल, गोळी रामिप्रिल किंवा एनालाप्रिल असेल तर बाबा कोरडा खोकला येतो का, ॲमलोडिपिन असेल तर संध्याकाळी घोट्याशी सूज दिसते का. असं काही असेल तर डॉक्टरांना जाऊन सांगा, ते औषध बदलून देतात, आणि ही बातमी मुलीकडून आली तर त्यांनाही आवडेल.

मनाने बंद मात्र करायची नाही. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या जातीच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर हृदयाचा त्रास असलेल्या माणसाला ॲटॅकसुद्धा येऊ शकतो, क्लोनिडिन अचानक बंद केलं तर बीपी उसळतं. हेही त्याच पत्रकात लिहिलेलं असतं, पण खाली, आणि तिथपर्यंत वाचत जायला कुणाला धीर नसतो. मुलीला म्हणावं पूर्ण वाच आणि पुढच्या वेळी दवाखान्यात माझ्यासोबत चल.

इंटर्नशिप चालू आहे. खरं सांगायचं तर आम्ही सगळे आता चॅटबॉटला विचारतो. पुस्तक उघडायला वेळ कुणाला आहे? यात चूक काय? – इंटर्न, पुणे

वेळ नाही हे मला मान्य आहे, इंटर्नच्या ड्युट्या काय असतात ते मी जवळून बघते. त्यामुळे वापरूच नको असं मी म्हणणार नाही.

पण मेथोट्रेक्सेटचं उदाहरण घे. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदाच द्यायचं असतं, तेच कॅन्सरमधे पूर्ण वेगळ्या डोसने आणि वेगळ्या वेळापत्रकाने. आठवड्याची गोळी रोज घेतली गेली तर पेशंटच्या तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घसरतात, मृत्यूही होतो, आणि अशा घटना जगात वारंवार झालेल्या आहेत. आता 'मेथोट्रेक्सेट कसं द्यायचं' असं तू फार्मासिस्टला विचारलंस तर तो आधी उलट विचारेल, कशासाठी? किडनी कशी आहे? बाई असतील तर प्रेग्नन्सीचं काय? मग सांगेल. चॅटबॉट बऱ्याचदा काहीच न विचारता छान मुद्देसूद उत्तर देतो, आणि वाक्यं इतकी ठाम असतात की रात्री तीन वाजता ते खरंच वाटतं. संदर्भ मागितलास तर कधी अस्तित्वातच नसलेल्या पेपरचं नाव देतो, पबमेड या वैद्यकीय पेपर शोधायच्या साइटवर टाकून बघ म्हणजे कळेल.

म्हणून त्याचा उपयोग कुठे? अवघड परिच्छेद समजून घ्यायला, इंटरॅक्शनमधे, म्हणजे औषधं एकमेकांवर काय परिणाम करतात त्यात, काय काय बघायचं त्याची यादी करायला, पेशंटला सोप्या मराठीत कसं सांगायचं याचा कच्चा मसुदा करायला. पण केस पेपरवर जो आकडा जाणार आहे, मिलिग्रॅम, किती वेळा, किती दिवस, तो फॉर्म्युलरीतून किंवा औषधाच्या पत्रकातून स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय लिहू नकोस. दहा-पंधरा औषधांवर तुझा वॉर्ड चालतो, त्यांचे डोस एकदा तपासून खिशातल्या डायरीत उतरवलेस तर फोन काढायचीसुद्धा गरज पडत नाही. आणि पेशंटचं नाव, रिपोर्टचा फोटो असलं काही त्यात टाकू नकोस, ते त्याचं खासगी आहे.

बीएएमएसला आहे. आमच्या औषधांची माहिती, विशेषतः ॲलोपॅथीच्या गोळ्यांसोबत घेतली तर काय, हे कुठे मिळेल? – विद्यार्थिनी, कोल्हापूर

प्रमाणित माहितीसाठी आयुर्वेदिक फार्माकोपिया ऑफ इंडिया आणि आयुर्वेदिक फॉर्म्युलरी, दोन्ही सरकारी आहेत. औषध कायद्याच्या नियमांतली अनुसूची ई-१ पाठ कर, भल्लातक, वत्सनाभ, कुचला अशी विषारी द्रव्यं त्यात आहेत आणि ती असलेलं औषध वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायचं असतं. एकत्र घेतल्यावर काय होतं यावर लिहिलेलं कमी आहे, म्हणून पेशंटला 'आणखी काय घेता' हा प्रश्न तूच विचारायचा. साधं ज्येष्ठमध घे, जास्त दिवस जास्त प्रमाणात घेतलं तर बीपी वाढवतं आणि रक्तातलं पोटॅशियम कमी करतं. पेशंट लघवीवाटे पाणी काढणाऱ्या फ्युरोसेमाइडवर असेल तर पोटॅशियम आणखी उतरतं, आणि सोबत हृदयाचं डिगॉक्सिन असेल तर प्रकरण गंभीर होऊ शकतं. 'नैसर्गिक आहे, काही होत नाही' हे वाक्य निदान वैद्याच्या तोंडी शोभत नाही.

पोस्टिंगमधे एका पेशंटला नव्या गोळीनंतर अंगभर पुरळ आलं. सगळे म्हणाले होतं असं, गोळी बंद केली, विषय संपला. पुस्तकात तो साइड इफेक्ट नव्हता. आम्ही विद्यार्थी हे कुणाला सांगू शकतो का? – नर्सिंगचा विद्यार्थी, अमरावती

सांगू शकतोस, आणि सांगच. पुस्तकात जे साइड इफेक्ट छापलेले असतात त्यातले कितीतरी असेच वॉर्डमधल्या कुणीतरी कळवले म्हणून पुस्तकात आले. औषध मंजूर होण्याआधी ते काही हजार लोकांवर तपासलेलं असतं, त्यामुळे दहा हजारात एखाद्याला होणारा त्रास तेव्हा दिसतच नाही.

भारतात यासाठी फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडिया आहे, २०१० मधे सुरू झाला, २०११ पासून तोही गाझियाबादच्या त्याच कमिशनकडे आहे. बहुतेक मेडिकल कॉलेजांत त्याचं एडीआर, म्हणजे औषधांचे दुष्परिणाम, नोंदवणारं मॉनिटरिंग सेंटर असतं, सहसा फार्माकॉलॉजी डिपार्टमेंटमधे, तिथे जाऊन फॉर्म माग. कॉलेज जवळ नसेल तर टोल फ्री नंबर आहे १८००-१८०-३०२४, मोबाइल ॲपही आहे. औषधामुळेच झालं हे तुला सिद्ध करायचं नसतं, नुसता संशय पुरतो. पेशंटचं पूर्ण नाव लागत नाही, आद्याक्षरं आणि वय, काय झालं आणि कधी सुरू झालं, कुठल्या औषधावर संशय आहे, आणि कळवणारा कोण, एवढं भरलं तरी फॉर्म घेतात. तरी पुरळ गोळी सुरू केल्यावर कितव्या दिवशी आलं, गोळी बंद केल्यावर ओसरलं का आणि सोबत आणखी कुठली औषधं चालू होती तेही लिही, आणि पट्टी अजून पेशंटच्या पिशवीत असेल तर ती फेकायच्या आधी त्यावरचा बॅच नंबर उतरवून घे.